गटाची व्हॅन आणि तिचे सांधे

गटातल्या सगळ्या ताया, मावश्या, वहिनी आणि भाकरी थापता थापता रेडिओ लावून बसलेल्या सगळ्याजणी, आज आपण गाडीबद्दल बोलणार आहोत. कर्ज, व्याज, पापडाचं पीठ हे आपले नेहमीचे विषय. आजचा विषय गाडीच्या पुढच्या चाकांमागे लपलेला असतो. त्याला सस्पेन्शन म्हणतात. घाबरून रेडिओ बंद करू नका. शब्द परका असला तरी आत जे आहे ते आपल्या गुडघ्याखुब्यासारखंच आहे.

आमच्या गटात चौदा जणी आहेत. पापड, कुरडया, मसाला आणि दिवाळीला फराळ असं आमचं काम. तीन वर्षांपूर्वी आम्ही जुनी मारुती व्हॅन घेतली. ही गाडी १९८४ साली आली तेव्हा तिचं नाव नुसतं व्हॅन होतं, पुढे ओम्नी झालं, आणि २०१९ साली कंपनीने ती बनवायची बंद केली. पण रस्त्यावर अजून पुष्कळ आहेत आणि पार्ट तालुक्याला मिळतात, म्हणून आम्ही तीच निवडली. इंजिन पुढच्या सीटखाली असतं, जोर लागतो मागच्या चाकांना, आणि चालवणारी बाई जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसलेली असते. म्हणजे पुढच्या बाजूला काही बिघडलं तर तिला ते अंगातच कळतं.

पण आम्हाला ते आधी कळलं ते पापडांमुळे. आमच्या वहीत तुटलेल्या मालाचा वेगळा रकाना असतो, कारण तुकडा पापड कमी भावाने द्यावा लागतो. गेल्या पावसाळ्यानंतर हा रकाना भरू लागला. पॅकिंग तेच, पिशव्या त्याच, रस्ता तोच. रस्ता म्हणजे कसला, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेला, पण तो काही आजचा नाही. मग गाडी डावीकडे ओढू लागली. गतिरोधकावरून उतरताना खालून ‘ठक’ असा आवाज यायचा. डावा टायर आतल्या कडेने गुळगुळीत झाला होता. मेकॅनिक लोक याला ‘टायर खातो’ म्हणतात.

एका गॅरेजवाल्याने यावर दोन वेळा नवे टायर घ्यायला लावले. टायर का खातो ते काही सांगितलं नाही. आमच्यातल्या एकीने विचारलं तर, “ताई, ते तुम्हाला सांगून काय कळणार?” तिसऱ्या वेळी त्याने पुढचं सगळं सस्पेन्शन बदलायचा अंदाज दिला, अकरा हजार पाचशे. काय काय बदलणार याची यादी मागितली तर ती मिळाली नाही.

आमच्या गावात एक मेकॅनिक काका आहेत. पंचवीस वर्षं शहरात गॅरेजात काम करून आता शेती बघतात. त्यांना बोलावलं. त्यांनी काही न खोलता दहा मिनिटांत आजार दाखवला, आणि तो प्रत्येकीला स्वतःच्या हाताने बघायला लावला. तेच आधी सांगतो, कारण ही तपासणी तुम्हीही करू शकता.

पहिलं, गाडीचा पुढचा कोपरा दोन्ही हातांनी जोरात खाली दाबायचा आणि सोडायचा. गाडी वर येऊन एखाद्या हेलकाव्यात थांबली तर ठीक. आमची डावी बाजू तीन-चार वेळा डुलली. झाडाला बांधलेला झोका बघा, एकदा ढकलला की हलत राहतो. त्याला थांबवायला आपण पाय जमिनीला घासतो. गाडीत वजन पेलते ती स्प्रिंग, म्हणजे झोका, आणि तिला थांबवणारा पाय म्हणजे शॉकअप. आमच्या डाव्या शॉकअपवर तेल ओघळून त्यावर धूळ चिकटली होती. म्हणजे आतलं तेल बाहेर आलेलं, पाय घासायला उरलाच नव्हता.

दुसरं, चाक जॅकवर उचलून ते वरून आणि खालून धरायचं आणि आतबाहेर हलवायचं. ते हललं तर एकतर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. कोणतं ते ओळखायला काकांनी एकीला ब्रेक दाबून धरायला सांगितला. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा. आमचं थांबलं नाही. म्हणजे बॉल जॉइंट. नंतर चाक डावीउजवीकडे धरून हलवलं, तर स्टिअरिंगकडून येणारा टाय रॉड एंड सैल होता.

बॉल जॉइंट म्हणजे आपला खुबा. वाटीत गोळा बसलेला असतो, म्हणून चाक वळतंही आणि वरखालीही होतं. काकांनी बोटाने दाखवलं, “हा गोळा वाटीतून निसटला की चाक आत मुडपतं. चालत्या गाडीत. मग स्टिअरिंग धरून उपयोग नसतो.” कोणी काही बोललं नाही. आदल्याच गुरुवारी त्याच गाडीत सहा जणी घाट उतरून बाजाराला गेल्या होत्या, एकीच्या मांडीवर पोर होतं.

त्या दिवसापासून गाडी उभी केली. दिवाळी पाच आठवड्यांवर, फराळाच्या ऑर्डरी घेतलेल्या, आणि माल एसटीने न्यायचा. ज्यांनी चकलीचे डबे घेऊन एसटीत उभ्याने प्रवास केलाय त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

बैठकीत तीन मतं पडली. एक, गाडी विकून टाका. दोन, अकरा हजार पाचशे देऊन मोकळं व्हा. तीन, काका सांगतील तसं आपण अंगणात करू. गटातल्या सगळ्यात मोठ्या मावशी विकायच्या बाजूने होत्या. “बायांनी गाडीखाली झोपायचं आणि गावाने बघायचं, हे मला पटत नाही,” असं त्या सरळ म्हणाल्या. त्यावर गाडी चालवणारी आमची ताई म्हणाली, “मावशी, गाडीवर मी बसते. खाली काय आहे ते मला बघू द्या.” त्यानंतर हात वर करून ठरलं, नऊ विरुद्ध पाच. हे मुद्दाम सांगतो, कारण असे निर्णय एकमताने झाले असं नंतर सगळेच सांगतात.

एका वहिनीचा मुलगा आयटीआयला आहे. त्याने मोबाइलवर दाखवलं की परदेशात जुन्या स्पोर्ट्स कार घेऊन त्या घरच्या घरी खोलणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. आमच्या व्हॅनच्या पुढे जी रचना आहे, शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग असा एकच उभा खांब, त्याला मॅकफरसन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफरसन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने ती १९४० च्या दशकात काढली. पोर्शे ९११ नावाच्या महागड्या स्पोर्ट्स कारलाही पुढे कित्येक वर्षं स्ट्रटच होता. ते लोक हौसेने करतात, आम्हाला दिवाळी गाठायची होती. पण नट-बोल्टाला ते कळत नाही.

आता कामाकडे येऊ. ज्या गटांकडे गाडी आहे त्यांनी हे नीट ऐका.

जागा सपाट आणि कडक हवी. मातीत जॅक खचतो. एका ताईच्या अंगणात सिमेंटचा कोबा आहे, तिथे गाडी घेतली. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल केले, कारण हवेत चाक फिरतं आणि जोर लावताना गाडी हलते. मग पुढून उचलून चेसिसखाली दोन लोखंडी घोड्या लावल्या. या घोड्या काकांनी ओळखीच्या गॅरेजातून आणल्या होत्या. विटांचा थर लावून गाडी ठेवणारे आपण पाहिलेत. वीट वजनाखाली अचानक फुटते, आधी सांगत नाही. नुसत्या जॅकवरही भरवसा ठेवायचा नाही, जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. काढलेली चाकंसुद्धा आम्ही गाडीच्या कडेला खाली आडवी सरकवून ठेवली. घोडी घसरलीच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला होता. सकाळी तरीही दोन नट हलेनात. पान्याला लांब पाइप लावून दोघींनी वजन टाकलं तेव्हा कर्र आवाज करून सुटले. तो आवाज ऐकून मावशी ओट्यावरून खाली आल्या आणि दिवसभर तिथेच बसल्या.

काकांचा एक नियम आम्हाला फार आवडला. दोन्ही बाजू एकदम खोलायच्या नाहीत. डावी खोला, उजवी तशीच राहू द्या. कुठला वॉशर कुठे होता याचा घोळ झाला तर उजवीकडे बघायचं. शिवाय प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो. काढलेले भाग आम्ही परातीत काढले त्या क्रमाने मांडत गेलो आणि परातीवर खडूने आकडे घातले. धुतले रॉकेलने, वाळवले उन्हात. पापड वाळवायची आमची पद्धत इथेही कामी आली.

टाय रॉड एंड काढण्याची गंमत सांगतो. तो निमुळता असतो, भोकात पाचरीसारखा रुतलेला. नट काढला तरी बाहेर येत नाही. त्याच्या आट्यांच्या टोकावर हातोडी मारली की आटे चेमटतात. काकांनी ज्या लोखंडी डोळ्यात तो बसतो त्याच्या एका बाजूला जड हातोडी धरली आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या हातोडीने एक सणसणीत ठोका दिला. दुसऱ्या ठोक्याला पाचर टपकन खाली पडली. मग तो रॉडवरून फिरवून काढताना आमच्या हिशोबनीस ताईने वेढे मोजले आणि वहीत लिहिले. नवा एंड बरोबर तेवढेच वेढे आत घालायचा, म्हणजे चाकाची दिशा साधारण पहिल्या जागी येते. वेढे मोजणं हे खरं तर विणणाऱ्या बाईचंच काम. नवा बसवल्यावर वरच्या नटाची खाच आणि बोल्टाचं भोक जुळेना तर नट मागे फिरवायचा नाही, आणखी थोडा पुढे आवळून जुळवायचा आणि त्यात नवी स्प्लिट पिन घालायची. जुनी पिन सरळ करून परत घालणं म्हणजे चार रुपयांसाठी जीव टांगणं.

स्ट्रट काढताना ब्रेकची नळी आधी त्याच्यावरून मोकळी करायची आणि चाकाचा बाकीचा भाग तारेने वर बांधून ठेवायचा, म्हणजे नळीवर वजन लोंबकळत नाही. खालचे मोठे बोल्ट जिथे बसले होते तिथे रंगाची खूण केली. वरचे नट सोडले आणि स्ट्रट हातात आला.

इथे काकांनी आम्हाला थांबवलं. स्ट्रटच्या डोक्यावर मधोमध एक नट असतो. तो मोह घालतो, कारण तो सोडला की स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे होतील असं दिसतं. होतात खरे, पण स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते. नट सुटला की ती बंदुकीसारखी सुटते. हात, जबडा, डोळा, काहीही जाऊ शकतं. भाड्याने शिकंजे मिळतात स्प्रिंग दाबायला, आयटीआयच्या मुलाला ते आणायचेही होते. काका नाही म्हणाले आणि आम्हीही. दोन्ही स्ट्रट पोत्यात गुंडाळून तालुक्याला नेले. तिथे मशिनवर स्प्रिंग दाबून जुने शॉकअप काढले, नवे घातले, वरचे रबरी माउंटिंग बदलले. तीनशे रुपये घेतले. आमच्या मते सगळ्या खर्चात हे तीनशे सगळ्यात शहाणपणाचे. नवा शॉकअप आत घालण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढायचा असतो, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. ते मशिनवाल्याने केलं नव्हतं, आमच्या ताईने समोर उभं राहून करून घेतलं. शॉकअप नेहमी जोडीने बदलायचे. एक नवा, एक जुना म्हणजे एका पायात चप्पल घालून चालण्यासारखं.

खालचा आर्म डावीकडचा नवाच घेतला, बॉल जॉइंटसकट. उजव्याचा बॉल जॉइंट घट्ट होता, म्हणून आर्म तोच ठेवून फक्त रबरी बुश बदलला. बुश म्हणजे सांध्यातली गादी. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये रबर. आमचं इतकं चिरलं होतं की बोटाने तुकडे निघाले, ‘ठक’ आवाज तिथूनच येत होता. जुना बुश व्हाइसमध्ये धरून पाइपच्या तुकड्याने दाबून काढला. नवा घालताना साबणाचं पाणी लावलं. ग्रीस किंवा तेल लावू नका, त्याने रबर फुगून सडतं.

आता जे सांगतो ते कित्येक गॅरेजात घाईत राहून जातं. गाडी घोडीवर असताना चाक खाली लोंबकळत असतं. तेव्हाच बुशाचा बोल्ट घट्ट आवळला तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली उतरली की आर्म वर सरकतो आणि रबर पिळलं जातं. गाडी नुसती उभी असली तरी ते पिळलेलंच, आणि वर्षभरात फाटतं. बसल्या बसल्या घट्ट नेसलेलं नऊवारी उभं राहिल्यावर कसं ओढतं, तसं. म्हणून तो बोल्ट आधी नुसता हाताने लावायचा. चाकं बसवायची, गाडी खाली घ्यायची. आम्ही चाकांखाली जाड फळ्या दिल्या होत्या, म्हणजे कडेने हात आत जाईल. दोघींना पुढे बसवलं, गाडी चार वेळा दाबून सोडली, आणि मग बोल्ट आवळले. किती आवळायचे त्याचा आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो आणि तेवढ्यावर ‘टक’ वाजणारा पाना मिळतो. काकांकडे होता. काही नट आतून प्लास्टिकच्या कड्याचे असतात, ते एकदा काढले की पकड सोडतात, त्यामुळे नवेच घालायचे.

दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू निम्म्या वेळात झाली, आणि तिथे काका खाटेवर बसून होते, हात आमचे होते.

खर्च वहीतून वाचून दाखवतो. शॉकअपची जोडी २,६००, डावा आर्म ८५०, उजवा बुश २४०, टाय रॉड एंड दोन ६४०, स्ट्रटची माउंटिंग ९००, आणि आडव्या बारचे रबर, नट, पिना, स्प्रे, ग्रीस मिळून ५७०. पार्ट झाले ५,८००. काकांना दोन दिवसांचे २,४००, ते घेत नव्हते, दिलेच. स्प्रिंगच्या मशिनचे ३००, व्हील अलाइनमेंटचे ४५०. एकूण ८,९५०. गॅरेजच्या अंदाजापेक्षा २,५५० कमी. पण आमच्या पाच जणींची दोन दिवसांची मजुरी धरली तर बचत काहीच उरत नाही, हे बैठकीत आम्हीच मांडलं. पैसे वाचतात म्हणून करा असं आम्ही कुणाला सांगणार नाही. आम्हाला मिळाली ती यादी. कुठला पार्ट, कधी घातला, केवढ्याला. आता कुणी गॅरेजवाला काही बदलायला सांगतो तेव्हा आमची ताई म्हणते, जॅक लावा आणि हलवून दाखवा.

अलाइनमेंट मात्र सोडू नका. वेढे कितीही मोजले तरी चाकं बिनचूक सरळ करणं मशिनचंच काम. तालुक्याला जाईपर्यंत गाडी वेडीवाकडी जाऊ नये म्हणून आम्ही टेपने पुढच्या दोन चाकांच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजून जुळवलं आणि हळू गेलो. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सगळे नट पुन्हा पान्याने तपासले. एक किंचित फिरला.

दिवाळीचा माल गाडीनेच गेला. वहीतला तुटलेल्या मालाचा रकाना पुन्हा पहिल्यासारखा आहे. रिकामा नाही, रस्ता तोच आहे ना. मावशींनी त्यानंतरच्या बैठकीत ठराव मांडला की दर तीन महिन्यांनी चाकं उचलून हलवून बघायची आणि वहीत सही करायची. पहिली सही त्यांचीच आहे.

शेजारच्या गावच्या गटाने त्यांच्या छोट्या टेम्पोबद्दल विचारलंय. त्यांच्या गाडीला पुढेही पाटे आहेत, त्याची तऱ्हा वेगळी. पाटा कसा तपासायचा ते काकांना घेऊनच पुढच्या महिन्यात याच वेळी सांगतो. तोपर्यंत तुमच्या गाडीचा पुढचा कोपरा एकदा दाबून बघा आणि किती वेळा डुलते ते आम्हाला कळवा.